दरडींचा नकाशा: इगतपुरी–त्र्यंबक पट्ट्यातल्या कामाच्या नोंदी

रविवार, ४ फेब्रुवारी २०२४

डोंगरातली माती कुठे सुटू शकते, हे उपग्रहाच्या डेटावरून दाखवणारा नकाशा करायचाय. तो किती भागाचा, ती चौकट आज ठरली. माझ्या डोक्यात अख्खा पश्चिम नाशिक होता, सुरगाण्यापासून इगतपुरीपर्यंत. अण्णांना (माझे सासरे, उभा जन्म रस्त्यांच्या कामावर गेला) सांगितलं, तर त्यांनी विचारलं, "सूनबाई, सुरगाण्याला किती वेळा गेलीस?" एकदा. तेही लग्नाला. "मग तिथली दरड ओळखणार कशी?"

म्हणून चौकट लहान केली. पूर्व-पश्चिम ४० किमी, दक्षिण-उत्तर ५० किमी. खाली इगतपुरी आणि कसारा घाटाचा माथा, मध्ये अंजनेरी, ब्रह्मगिरी, हरिहर, वर हरसूलच्या अलीकडेपर्यंत. ३० मीटरचा एक पिक्सेल (नकाशातला सर्वांत लहान चौकोन) धरला तर बावीस लाखांवर पिक्सेल होतात. लॅपटॉप ८ जीबी रॅमचा आहे, बघू.

जीएसआयचा (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण) देशातल्या डोंगराळ भागांचा दरडप्रवणता नकाशा १:५०,००० प्रमाणात आहे आणि भूकोश पोर्टलवर दिसतो. हे काम करणाऱ्याने आधी तो बघावा. त्यात १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर, त्यामुळे तीस-चाळीस घरांचा पाडा तांदळाच्या दाण्याएवढा येतो. मला पाड्याच्या मापाचा नकाशा हवा आहे. तो जमेल का, हे आज तरी माहीत नाही.

खर्च: शून्य. क्यूजीआयएस (नकाशे करायचं सॉफ्टवेअर), पायथन (प्रोग्रॅम लिहायची भाषा) आणि उपग्रहचित्रं, सगळं फुकट.

शनिवार, १० फेब्रुवारी

उंचीचा डेटा. इथे आठवडा गेला, आणि तो जायची गरज नव्हती.

आधी एएलओएस पाल्सार या जपानी उपग्रह-रडारची १२.५ मीटरची फाइल घेतली. आकडा बघून हुरळले. मग कळलं की ती आपल्याकडच्या भागासाठी ३० मीटरच्या एसआरटीएमवरूनच (अवकाशयानातून रडारने केलेली उंचीची मोजणी) बारीक करून दिलेली असते. पिक्सेल लहान झाले, माहिती तेवढीच राहिली. दुधात पाणी घातलं की लिटर वाढतात, तसं.

मग सरळ एसआरटीएम घेतला आणि उतार काढला, तर सगळा तालुका ८९ अंशांत उभा. घोटीचं भातखाचरही ८९ अंश! कारण साधं आहे: आडवं अंतर अंशांत होतं आणि उंची मीटरमध्ये. यूटीएम ४३ उत्तर या प्रक्षेपणात (आडवं अंतरही मीटरमध्ये मांडायची पद्धत) फाइल आणली आणि आकडे माणसात आले.

तरी उतारावर बारीक आडव्या-उभ्या रेघा दिसत होत्या, लुगड्याच्या चौकड्यासारख्या. प्रक्षेपण बदलताना 'नियरेस्ट' पद्धत (जवळच्या पिक्सेलचा आकडा जसाच्या तसा उचलणारी) तशीच राहिली होती. उंचीसाठी 'बायलिनियर' किंवा 'क्यूबिक' घ्या, त्या आसपासच्या आकड्यांवरून मधला काढतात. 'नियरेस्ट' फक्त जमीनवापरासारख्या नावांच्या थरांसाठी.

रविवार, १८ फेब्रुवारी

अजून एक रेघ, ही मात्र एकटीच, चौकटीच्या वरच्या भागात पूर्व-पश्चिम सरळ गेलेली. तिच्यावर उताराचा आकडाच नाही. आधी वाटलं रस्ता असेल. पण रस्ता डोंगरातून इतका सरळ जात नाही.

ती २० अंश उत्तर अक्षांशाची रेघ निघाली. उंचीच्या फाइली एकेका अंशाच्या तुकड्यांत येतात, आणि २० अंशांची रेघ नाशिक शहरालाच चाटून जाते. म्हणजे नाशिकच्या आसपास काम करणाऱ्या प्रत्येकाला दोन तुकडे जोडावेच लागतात. मी दोन्हींचा उतार वेगवेगळा काढून मग जोडला होता, त्यामुळे प्रत्येकाच्या कडेची ओळ रिकामी राहिली. आधी जोडा, मग उतार काढा. गेलेला वेळ: दोन संध्याकाळी.

रविवार, ३ मार्च

दरडींच्या खुणा रेखाटणं. सेंटिनेल-२ या युरोपच्या उपग्रहांची चित्रं १० मीटरची असतात आणि दर पाच दिवसांनी नवी मिळतात. फेब्रुवारीची घेतली, कारण आभाळ स्वच्छ. दोन आठवडे रात्री जागून २१४ खुणा रेखाटल्या. हात दुखतोय, पण आकडा बघून बरं वाटतं.

रविवार, १० मार्च

बरं वाटणं संपलं.

अण्णांना लॅपटॉपवर खुणा दाखवत होते. एकीवर बोट ठेवून म्हणाले, "ही दरड? अगं, ही मुरमाची खाण आहे. इथूनच तर आम्ही भराव आणायचो." दुसरी खूण म्हणजे कोणीतरी फार्महाऊससाठी सपाट केलेला प्लॉट. तिसरी राबाची: भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा टाकून जाळलेली जागा. चौथी आणि पाचवी वणव्याची. पुढे मोजणं सोडलं.

फेब्रुवारीत आपला डोंगर पिवळा पडलेला असतो. वाळलेलं गवत, उघडा मुरूम आणि दरडीची जखम वरून सारखीच दिसतात. ऑक्टोबरअखेर आणि नोव्हेंबरात आभाळ मोकळं असतं, गवत अजून हिरवं असतं, आणि पावसाळ्यात सुटलेली माती त्या हिरव्यात तांबडी उठून दिसते. तेव्हा २०१९ ते २०२३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरची चित्रं काढून सगळं पुन्हा. गूगल अर्थमध्ये जुन्या वर्षांची पट्टी सरकवून प्रत्येक खूण कधी उमटली तेही बघायचं. दर वर्षी हळूहळू रुंद होत जाणारी खूण म्हणजे खाण. एका पावसाळ्यात उमटून मग झाडोऱ्याने भरत जाणारी खूण म्हणजे दरड. ही कसोटी मला सगळ्यांत उपयोगी पडली.

२१४ पैकी ८३ उरल्या. नवीन २२ सापडल्या.

सोमवार, २५ मार्च, धुळवड

रंग खेळून झाल्यावर अण्णांनी माळ्यावरून पत्र्याची पेटी उतरवली. आत खिशातल्या डायऱ्या. कुठल्या दिवशी, कुठल्या किलोमीटरला, माती की दगड, आणि रस्ता किती वेळ बंद, एवढंच. एक नोंद अशी: "पहाटे. माती + झाड. जेसीबी ११ ला. चहा नाही." अशा ६१ नोंदी माझ्या चौकटीतल्या.

आनंदाने किलोमीटरवरून जागा लावायला बसले तर निम्म्या जागा सपाट शेतात पडायला लागल्या. रस्ता रुंद झाला, दोन वळणं कापली गेली, दगड नव्याने रोवले गेले. जुना किलोमीटर आणि नवा किलोमीटर यांत कुठे कुठे तीन-चारशे मीटरचा फरक. अण्णा म्हणाले, दगड सोड, मोऱ्या मोज. रस्त्याखालची पाण्याची मोरी सहसा जागा सोडत नाही. मग मोऱ्या आणि देवळं धरून लावलं. ६१ पैकी २६ ठिकाणी आजही खूण दिसते, तेवढ्याच घेतल्या.

एकूण १३१ दरडी. रॅम १६ जीबी केली. खर्च: ₹२,६००.

रविवार, १४ एप्रिल

पहिलं मॉडेल. रँडम फॉरेस्ट, म्हणजे हो-नाही प्रश्नांच्या अनेक 'झाडां'चं मत घेऊन उत्तर देणारी संगणकी पद्धत; माझी ३०० झाडं. रकाने: उतार, उताराची दिशा, वक्रता, ओलाव्याचा निर्देशांक, ओढ्यापासून अंतर, रस्त्यापासून अंतर, हिरवाईचा निर्देशांक, पाऊस, खडक. १३१ दरडींचे ६१० पिक्सेल, आणि 'दरड नाही' असे ६१० पिक्सेल चौकटीतून कुठूनही उचललेले.

एयूसी (दरडीची जागा आणि बिनदरडीची जागा मॉडेल किती नीट वेगळी करतं त्याचं माप; १ म्हणजे अचूक, ०.५ म्हणजे नुसती छापा-काटा) ०.९४. घरात पेढे.

मंगळवार, १६ एप्रिल

पेढे पचायच्या आत शंका आली. ०.९४ हा आकडा माझ्या हातून सुटलेल्या तीन गोष्टींची बेरीज होता. सविस्तर लिहिते, कारण मी पाहिलेल्या बऱ्याच कामांत यातली एक तरी असतेच.

पहिली. 'दरड नाही' चे ठिपके नकाशावर टाकून बघितले. बरेचसे भातखाचरांत, गावठाणात, माळावर. आणि ४३ ठिपके चक्क पाण्यात: अप्पर वैतरणा, दारणा, मुकणे. धरणाच्या पाण्यावर दरड कोसळत नाही हे मॉडेलने अचूक ओळखलं होतं! सपाट आणि उभं यांतला फरक सांगायला यंत्राची गरज नाही, तो गुरं राखणाऱ्या पोरालाही कळतो. आता 'नाही' चे ठिपके फक्त १० अंशांहून जास्त उतारावरचे, आणि माहीत असलेल्या दरडीपासून किमान ३०० मीटर दूर.

दुसरी. एका दरडीचे चार-पाच पिक्सेल असतात. त्यांतले तीन मॉडेलला शिकवायला आणि दोन त्याच्या परीक्षेला गेले, म्हणजे पेपर आधीच फुटलेला. एका दरडीचे सगळे पिक्सेल एकाच बाजूला गेले पाहिजेत.

तिसरी सगळ्यांत खोल. कुठला रकाना किती कामाला आला, ते काढलं. सगळ्यांत वर 'रस्त्यापासून अंतर'. १३१ पैकी ८८ दरडी रस्त्यापासून १०० मीटरच्या आत. घाटरस्त्यासाठी डोंगर कापला की दरड येते हे खरंच आहे. पण अण्णांच्या डायरीत रस्ताच बंद होणार, पाड्यामागचा ओहोळ नव्हे. आणि उपग्रहचित्रावर मीही रस्त्याच्या कडेकडेनेच डोळा फिरवला होता, कारण तिथे जागा ओळखीच्या वाटतात. मॉडेल डोंगर कुठे सुटतो ते शिकलंच नव्हतं. अण्णा आणि मी कुठे कुठे पाहिलं, ते शिकलं होतं.

नवऱ्याचं मत: पेढे परत घेता येत नाहीत.

रविवार, २८ एप्रिल

दुरुस्ती. दरडींचे दोन ढीग केले. रस्त्यासाठी कापलेल्या उताराच्या ८८, मोकळ्या डोंगरातल्या ४३. हे दोन वेगळे आजार आहेत, एका गोळीने जाणार नाहीत. आता फक्त ४३ घेऊन काम. रस्त्याचा रकाना काढून टाकला.

परीक्षेची पद्धतही बदलली. चौकटीचे ५ किमीचे ८० चौकोन केले. शिकायचं काही चौकोनांवर, परीक्षा द्यायची कधीच न पाहिलेल्या चौकोनांवर.

एयूसी ०.६८. चौकोनांच्या काही गटांत ०.६ च्याही खाली.

०.९४ वरून ०.६८ वर येताना पोटात गोळा येतो. पण ०.६८ वाला नकाशा बघून पहिल्यांदा वाटलं की हा डोंगराबद्दल काहीतरी बोलतोय, भले अडखळत.

रविवार, १२ मे

आज पायी. जीप ₹३,५००, सोबत अण्णा आणि पाण्याचे चार कॅन. ज्या पाड्यावर गेलो त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नकाशावर लाल ठिपका पडला की तिथल्या माणसांच्या मागे काय काय लागतं, ते अण्णांनी वाटेत सांगितलं.

पाड्याच्या मागे काळा कडा, कड्याखाली मोठा उतार, त्यावर नागली-वरईची शेतं, खाली घरं. माझ्या नकाशात कडा लालभडक आणि उतार फिक्का पिवळा. ओसरीत बसून तो नकाशा एका म्हाताऱ्या आजीला दाखवला. त्यांना नकाशा वाचता येत नाही, पण कडा कुठला आणि घर कुठलं हे समजावल्यावर त्या हसल्या.

"कडा कशाला पडतोय बाई. कडा माझ्या आज्याच्या येळेपासनं हाय. खालची मातीच सरकते."

मग त्या आम्हाला मागे घेऊन गेल्या. कड्याच्या पायथ्याशी वरून गळून साचलेली माती आणि दगडगोटे, दोन पुरुष खोल सहज असतील. त्यात आडवी भेग, माझं मनगट आत जाईल एवढी, दोन वर्षांपूर्वीची. पळसाची तीन झाडं एकाच बाजूला कललेली. आणि तिथेच एक झरा, मे महिन्यातही ओला.

"ज्या सालाला माती आली, त्या सालाला ह्यो झरा आदी गढूळ झाला. मंग दोन दिस आटला. मंग आली. डोंगर फुटला न्हाय, पानी फुटलं."

आपल्याकडे दरडीचं जे भय आहे, त्याची सगळी यंत्रणा या चार वाक्यांत आली. कड्याखालच्या भुसभुशीत ढिगाऱ्यात पाणी भरतं, आतला दाब वाढतो, मातीची पकड सुटते. झरा गढूळ होणं म्हणजे पाणी आतून माती धुऊन आणतंय. झरा आटणं म्हणजे वाट तुंबली आणि पाणी आत साठतंय.

अजून एक गोष्ट त्यांनी हात लांब करून दाखवली. त्या डोंगराचे पाचही झरे एका रेघेत आहेत, जवळपास एकाच उंचीवर. सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर बसून झाला आहे आणि आपल्या भागात ते थर बहुतेक आडवेच आहेत. कठीण काळ्या थरातल्या भेगांतून पाणी खाली मुरतं, दोन थरांमधल्या तांबड्या मातीपाशी अडतं आणि बाजूने बाहेर येतं. अण्णांच्या कामावर त्या तांबड्या पट्ट्याला नुसतं 'गेरू' म्हणत. घाटात तो दिसला की तिथे भिंत घालताना कंत्राटदाराच्या कपाळाला आठ्या.

आजींनी आणि आणखी दोन पाड्यांवरच्या माणसांनी मिळून ९ जुन्या जागा दाखवल्या, ज्या मला चित्रावर कधीच सापडल्या नसत्या. सावलीतल्या, झाडीने भरलेल्या. ४३ च्या ५२ झाल्या. कड्याखाली फोनचं जीपीएस पंधरा-वीस मीटर भरकटतं. प्रत्येक जागी पाच मिनिटं थांबून सरासरी घ्या.

रविवार, १९ मे

उद्या मतदान, कॉलेजातल्या निम्म्या लोकांना ड्यूटी, माझं नाव नव्हतं. दोन दिवस सलग मिळाले.

खडकाचा रकाना फेकून दिला. हिमालयावरच्या कामांत हा रकाना मोलाचा असतो, म्हणून मीही डोळे मिटून ठेवला होता. इथे बावीस लाख पिक्सेलांत एकच उत्तर: बेसाल्ट. (भूशास्त्रात लाव्हाथरांच्या एका संचाचं नावच 'इगतपुरी' आहे. नकाशाला फायदा नाही, अभिमानाला आहे.)

त्याऐवजी आजींचा रकाना. ४५ अंशांवरचा उतार म्हणजे कडा असं धरलं आणि प्रत्येक पिक्सेल आपल्या वरच्या कड्याच्या पायथ्यापासून किती मीटर खाली आहे ते काढलं. ३० मीटरच्या डेटात कडे बोथट होतात. हरिहरच्या पायऱ्यांचा जवळजवळ उभा कडाही त्यात पन्नासेक अंशांचाच दिसतो. म्हणून ६० चा आकडा लावला तर अर्धे कडे गायब होतात. ४५ वर पोचायला चार फेऱ्या लागल्या.

पावसाचा रकाना सीएचआयआरपीएसचा (उपग्रह आणि पर्जन्यमापक मिळून केलेला पावसाचा डेटा) होता, त्याचा एक चौकोन साधारण साडेपाच किलोमीटरचा. नकाशावर ते चौकोन शेताच्या बांधासारखे स्पष्ट उमटले: बांधाच्या अलीकडे लाल, पलीकडे पिवळं. पाऊस असा बांध बघून पडत नाही. शिवाय इगतपुरीकडे धो धो आणि नाशिककडे जेमतेम, या उतरंडीमुळे मॉडेल पावसाच्या आडून जागाच पाठ करत होतं. पाऊस महत्त्वाचा नाही असं अजिबात नाही. पण तो 'कधी' चं उत्तर देतो, आणि मी 'कुठे' विचारत होते. काढला.

एयूसी ०.७५, न पाहिलेल्या चौकोनांवर. गटागटांत ०.६१ ते ०.८४. हा फरक ५२ दरडींमुळे आहे. ५२ हा आकडा लाजिरवाणा आहे, पण खोट्या २१४ पेक्षा बरा.

कड्यांचा लाल रंग उतरला आणि कड्याखालचा पट्टा तापला.

रविवार, २ जून

मॉडेल माळीणवर चालवून पाहिलं. पुणे जिल्हा, आंबेगाव तालुका, ३० जुलै २०१४. गावावर दरड आली, दीडशेच्या आसपास माणसं गेली. आपल्यासारखाच बेसाल्ट, आपल्यासारखाच घाटमाथ्यालगतचा उतार. एसटीचा ड्रायव्हर गाडी घेऊन गेला तर समोर गावच नाही, आणि जगाला कळलं ते तेव्हा.

उंचीचा डेटा कुठल्या सालचा, ते इथे बघावं लागतं. एसआरटीएम फेब्रुवारी २००० चा आहे, म्हणजे दरडीआधीचा. कोपर्निकसचा (युरोपचा उंचीचा डेटा) जास्त नीट दिसतो, पण तो २०११ ते २०१५ च्या मोजणीवरून केलेला. त्यात दरडीची जखम आधीच कोरलेली असू शकते. निकाल लागल्यावर भाकीत केल्यासारखं होईल. याच कारणाने मी माझ्या चौकटीतही एसआरटीएमच ठेवला.

माळीणच्या उताराला माझ्या मॉडेलने ०.५८ दिलं. लाल ०.७ च्या वर सुरू होतो. म्हणजे माझ्या नकाशात माळीण नारिंगी आलं असतं.

हे लिहून बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसले.

रविवार, ९ जून

ए-१ आकाराचे चार प्रिंट (₹८००) घेऊन पुन्हा पाड्यावर. पोलीस पाटलांनी चष्मा लावून कोपऱ्यातली आकड्यांची पट्टी वाचली.

"ताई, पॉइंट सात म्हंजे सत्तर टक्के ना? म्हंजे यंदा पडनारच?"

घाम फुटला. नाही हो, तसं नाही. मी शिकवताना 'आहे' आणि 'नाही' सारखेच घेतले, म्हणून आकडे तसे फुगलेले दिसतात. प्रत्यक्षात मला माहीत असलेल्या सगळ्या, रस्त्याच्या धरूनही, दरडी मिळून दहा हजार पिक्सेलांत तीनही भरत नाहीत. शिवाय ०.७ मध्ये यंदा, पुढच्या वर्षी, असा काळ कुठेच नाही. हे सगळं ओसरीत उभं राहून समजावताना जाणवलं की वरचं शीर्षकच चुकलं आहे. 'धोका' म्हणायला कधी, किती मोठं आणि खाली कोण, हेही लागतं. माझ्याकडे फक्त 'कुठे' आहे.

घरी येऊन 'दरड धोका नकाशा' खोडलं, 'दरडप्रवण उतार' केलं. आकड्यांची पट्टी काढून टाकली. क्षेत्रातले सर्वांत वरचे ८ टक्के पिक्सेल लाल, बाकी खाली उतरत नारिंगी, पिवळे, हिरवे. लाल म्हणजे 'पायी जाऊन आधी इथे बघा', एवढंच.

पाटलांनी दुसरंही विचारलं होतं: "लाल वर हाय, घरं खाली हिरव्यात. माती काय लाल रंगातच थांबनार?"

रविवार, २३ जून

पाटलांच्या प्रश्नावर दोन आठवडे.

मॉडेल सांगतं माती कुठून सुटेल. माणसं राहतात ती कुठे पोचेल तिथे. माझ्याकडच्या ५२ दरडींच्या माथ्यापासून शेवटच्या टोकापर्यंत सरळ रेघ धरून तिचा उतरता कोन मोजला: २३ ते ३८ अंश. मोठ्या दरडींचा कोन कमी, म्हणजे त्या लांब जातात. मग साधा प्रोग्रॅम लिहिला: प्रत्येक लाल पिक्सेलवरून पाण्याच्या वाटेने खाली जायचं, आणि माथ्यापासूनचा कोन २२ अंशांच्या खाली आला की थांबायचं. जिथवर पोचलं तिथवर आडव्या रेघांची नक्षी.

पहिल्या वेळी प्रोग्रॅम रात्रभर चालला आणि पहाटे लाइट गेली. दुसऱ्या वेळी दर हजार पिक्सेलांनी जतन करायला लावलं. वाट एकाच पिक्सेलच्या रुंदीची येत होती, सुतळीसारखी. माती अशी वाहत नाही, म्हणून दोन्ही बाजूंना एकेक पिक्सेल वाढवला. ओबडधोबड आहे. पण पाड्यातली अकरा घरं हिरव्यातून नक्षीत आली. ओहोळाच्या तोंडाशी असलेली घरं. पाटलांना फोन केला तर म्हणाले, "त्यातली चार घरं दर आखाडात शाळेत झोपाया जातात." त्या चार घरांना नकाशाची गरज नव्हतीच. उरलेल्या सात घरांबद्दल पाटलांनी नंतर स्वतःहून विचारलं.

मंगळवार, ३० जुलै

माळीणला आज दहा वर्षं झाली. सकाळपासून केरळातल्या वायनाडच्या दरडीच्या बातम्या. लॅपटॉप उघडला नाही.

रविवार, १० नोव्हेंबर

दिवाळी आटोपली, आभाळ मोकळं, डोंगर अजून हिरवे. यंदाच्या चित्रांवर नव्या खुणा शोधल्या. या वेळी चौकटीचे ८० चौकोन एकेक करून, रस्ता असो नसो, प्रत्येकाला वीस मिनिटं, घड्याळ लावून. मार्चमध्ये हेच करायला हवं होतं. सगळे मिळून सत्तावीस तास गेले.

मोकळ्या उतारावरच्या नव्या दरडी ७. त्यांतल्या ३ लालमध्ये, २ नारिंगीत, १ पिवळ्यात, १ हिरव्यात. लाल फक्त ८ टक्के जागेत आहे हे धरलं तर तीन वाईट नाहीत. सातावर टक्केवारी काढत नाही.

हिरव्यातली बघायला काल मोटरसायकलवर गेलो (पाचही फेऱ्यांचं पेट्रोल मिळून आतापर्यंत ₹२,९००). उतार जेमतेम पंधरा अंशांचा, वर कडा नाही, झरा नाही. पण घराच्या मागे दोन खोल्या वाढवायला डोंगर उभा कापलेला, दीड पुरुष उंच, भिंत न घालता. माती घरातल्या मोरीपर्यंत आली होती, सुदैवाने दिवसा. माझा डेटा फेब्रुवारी २००० चा, त्याला ही कापणी माहीत नाही. माहीत असती तरी तीस मीटरच्या पिक्सेलात ती मावली नसती. फेब्रुवारीत लिहिलं होतं की पाड्याच्या मापाचा नकाशा हवा. तो या डेटातून येत नाही.

अण्णांनी टेपने कापणीची उंची मोजली, खिशातली डायरी काढली आणि पानावर रकाने आखले: घर, मागे कापलंय का, किती उंच, भिंत आहे का, पाणी कुठून येतं. मला म्हणाले, "हे तुझ्या त्या झाडांना घाल."

किती घरं होतील, विचारलं. पहिल्या पाड्याला एकोणचाळीस. पुढच्या रविवारी निघायचं ठरलंय, डबा घेऊन.